उलटी लावलेली शीर

मित्रांनो, मी एक जुनी शीर आहे. म्हणजे जन्माने शीर. हुद्दा विचाराल तर गेली सात वर्षं धमनी. अशी बदली फार थोड्यांच्या वाट्याला येते, आणि आली तरी तिची हकीकत कोणी विचारत नाही. म्हणून न विचारताच सांगते.

माझं मूळ ठिकाण उजवा पाय. घोट्याच्या आतल्या अंगाला जे हाड वर आलेलं असतं, त्याच्या जरा पुढून मी निघायचे आणि पोटरीच्या कडेने, गुडघ्याच्या आतून, मांडीवरून थेट जांघेपर्यंत जायचे. शरीरातली सगळ्यात लांब शीर ती हीच. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. लांबी काही कोणी कमावलेली नसते. उंच माणसं ती कमावल्यासारखी वागतात, एवढंच.

माझे मालक न्हावी. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं एका खुर्चीचं दुकान होतं, अजून आहे. समोर मोठा आरसा, मागे छोटा आरसा, फळीवर कात्र्या, कंगवे, तुरटीचा खडा आणि फवाऱ्याची बाटली. कोपऱ्यात एक उंच स्टूल. या स्टुलावर वर्तमानपत्रं बसायची. मालक कधी बसले नाहीत. त्यांना हे काम त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं, आणि शिकवताना पहिल्याच दिवशी दम भरला होता की कात्री हातात असेतो बूड टेकायचं नाही. बसलेल्या माणसाचा हात आळशी होतो. मालकांनी हे वाक्य तीस वर्षं पाळलं. त्याची शिक्षा मात्र वाक्याला झाली नाही, पायांना झाली.

आता आमचं काम सांगते, कारण शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात आम्हाला निळ्या रंगाने रंगवून सगळा घोटाळा करून ठेवला आहे. मित्रांनो, आमच्यात निळं काही नाही. आमच्यातलंही रक्त लालच असतं, जरा काळपट लाल, प्रवासातून परतलेल्या माणसाच्या शर्टासारखं. हृदयाकडून बाहेर जाणारं रक्त ज्या नळ्यांतून वाहतं त्या धमन्या. त्यांच्या भिंती जाड आणि लवचीक. हृदयाचा प्रत्येक ठोका त्यांच्या अंगावर येऊन आदळतो, त्या फुगतात, पुन्हा आक्रसतात आणि रक्ताला पुढे रेटतात. मनगटावर बोट ठेवून डॉक्टर जे मोजतात ते हेच. धमनीचा थाट घरी आलेल्या थोरल्या जावयासारखा असतो: येणार तो दणक्यात, आणि आल्याचं सगळ्या घराला कळणार.

धमन्यांना फाटे फुटत फुटत त्या बारीक होतात आणि शेवटी उरतात त्या केशिका. नाव केसावरून पडलं, पण त्या केसाहूनही कितीतरी बारीक. रक्तातल्या तांबड्या पेशींना तिथून एकामागे एक, अंग चोरून जावं लागतं. केशिकेची भिंत इतकी पातळ की तिच्यातून प्राणवायू आणि अन्न पलीकडे जातं आणि टाकाऊ माल अलीकडे येतो. शरीराचं खरं काम तिथेच होतं. बाकी आम्ही सगळ्या म्हणजे रस्ते.

आणि मग आम्ही, शिरा. तो टाकाऊ माल घेतलेलं रक्त हृदयाकडे परत न्यायचं. (फुप्फुसांकडे याच्या उलट आहे. तिथे धमनी मळकं रक्त नेते आणि शीर ताजं आणते. म्हणून रंग पाठ करू नका, दिशा पाठ करा.) हृदयाचा धक्का आमच्यापर्यंत पोचतो तेव्हा त्यात काही दम उरलेला नसतो. आमच्या भिंती पातळ, आम्हाला ठोका नाही, नाडी नाही. डॉक्टर धमनीचा हात हातात घेतात आणि आम्हाला सुई टोचतात. पण एक सांगते, कोणत्याही घटकेला शरीरातलं निम्म्याहून जास्त रक्त आम्हा शिरांमध्येच असतं. घरचं सामान माळ्यावर असतं तसं. दिवाणखान्याचं कौतुक करताना माळा कोणाला आठवत नाही, असो.

पायातून रक्त वर चढवायचं म्हणजे चेष्टा नाही. त्यासाठी माझ्यात जागोजागी झडपा आहेत. रक्त वर गेलं की झडप मिटते, खाली घसरू पाहणाऱ्याला ती सांगते, आता मागे फिरायचं नाही. पण वर ढकलायचं कोणी? ते काम पोटरीचं. पोटरी आवळली की शिरांतलं रक्त वर सरकतं, सैल सोडली की खालून नवं भरतं. म्हणजे माणूस चालला तर आमचं काम चालतं. माणूस खांबासारखा उभा राहिला, की आमच्यात नुसतं साचतं.

मालक खांबासारखे उभे राहायचे, पण डाव्या पायावर. सगळा भार डावीकडे. कारण उजव्या पायाला दुसरं काम होतं. ते काम म्हणजे खुर्ची.

ती खुर्ची लोखंडी होती, खाली तेलाचा पंप, आणि पंपाला पायाने दाबायचं पेडल. पेडल दाबत गेलं की गिऱ्हाईक वर. पण पंपातला तेल अडवणारा रबरी वायसर कधीचा गेला होता. त्यामुळे वर गेलेलं गिऱ्हाईक आपोआप, अगदी सावकाश, खाली यायला लागायचं. कटिंग सुरू करताना आरशात छातीपर्यंत दिसणारा माणूस कानांवर कात्री पोचेपर्यंत फक्त कपाळापुरता उरायचा. मग मालक बोलता बोलता, कात्री न थांबवता, उजव्या पायाने चार-सहा वेळा पेडल मारायचे आणि माणूस पुन्हा उगवायचा. दर पाच मिनिटांनी. दिवसभर. तीस वर्षं.

या खुर्चीत दर आठवड्याला दाढीला बसणारा एक जण होता. रुग्णवाहिकेचा चालक. त्याला सगळा चौक भोंगा म्हणायचा, आणि तो मालकांना वस्ताद म्हणायचा.

"वस्ताद, तुझ्याकडे दाढी करायची म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं वाटतं रे."

"मग दोर देतो ना वर यायला," म्हणून मालक पेडल मारायचे.

मालकीणबाई घरी शिवणकाम करायच्या. त्यांना ही खुर्ची डोळ्यांसमोर नको असायची. "अहो, बटण दाबलं की वर-खाली होणाऱ्या खुर्च्या निघाल्या आता. किती दिवस ते पेडल हाणणार? माणूस आहात का पाणी उपसायचं यंत्र?"

"वायसर मिळाला की करतो दुरुस्त."

"वायसर नाही, तुमची इच्छा नाही. आणि ते स्टूल मी बसायला आणलं होतं, पेपराला नाही."

मित्रांनो, त्या बटणाच्या खुर्चीसाठी मीसुद्धा मनातल्या मनात हात जोडत होते. दिवसभर ते पेडल, वर, खाली, वर, खाली. पोटरी सारखी आवळायची आणि मला क्षणाची उसंत नाही. डाव्या पायातल्या माझ्या जुळ्या बहिणीचा मला हेवा वाटायचा. किती शांत पाय तिचा! नुसतं उभं राहायचं, बस.

त्या शांततेत बहिणीची वाट लागत होती. रक्त वर सरकेना, साचून साचून ती फुगली. फुगल्यावर तिच्या झडपांची टोकं एकमेकींना पोचेनात, मग त्या मिटेनात, मग रक्त आणखी खाली. शेवटी ती कातडीखाली वेटोळी, गाठाळ, दुरूनही दिसेल अशी झाली. संध्याकाळी घोटा सुजायचा. डॉक्टरांनी घट्ट मोजे सांगितले होते. मालकांनी ते एक दिवस घातले. भोंग्याने विचारलं, "वस्ताद, नाटकात काम घेतलंस का?" आणि मोजे कपाटात गेले.

अशी वर्षं गेली. मग मालकांचा डावा हात दुखायला लागला.

आता डावा हात दुखला की दुसरा कोणी घाबरला असता. मालक घाबरले नाहीत, कारण डावा हात म्हणजे कंगव्याचा हात. उजव्याने कात्री, डाव्याने कंगवा, आणि कंगव्याचा हात तासन्‌तास खांद्याच्या वर तरंगत असतो. त्यांच्या वडिलांचाही दुखायचा. प्रत्येक न्हाव्याचा दुखतो. तेव्हा मालकांनी खांद्याला तेल चोळलं आणि स्वतःचं मालिश स्वतःच करता येत नाही याबद्दल हळहळ व्यक्त केली. जिना चढताना हात जास्त दुखतो आणि थांबलं की राहतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण जिन्यावर कंगवा नसतो, हे नाही आलं.

ते लक्षात आलं भोंग्याच्या. एका सकाळी तो गाडी बाहेर लावून दाढीला बसला होता. उजवा गाल झाला होता, डाव्यावर फेस होता. मालकांनी वस्तरा वळवला आणि तसेच थांबले. खुर्ची हळूहळू खाली चालली होती. पेडल वाजलं नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझी पोटरी अशी गप्प राहिली.

"वस्ताद, घाम कसला हा?"

"पंखा जुना झालाय."

"पंखा चालू आहे. तुझा शर्ट बघ, भिजलाय."

"काही नाही रे, हात भरून आलाय. कंगव्याचा हात आहे, दुखतो."

भोंगा आरशात बघत होता. तो म्हणाला, "वस्ताद, तुझ्या हातात कंगवा कुठाय?"

मालकांनी हाताकडे पाहिलं. हातात खरंच कंगवा नव्हता. आणि मग त्यांना एकदम खाली बसावंसं वाटलं. स्टुलावर पेपर होते, म्हणून ते फरशीवर बसले. तीस वर्षांत पहिल्यांदा, वस्तरा हातात असताना.

भोंग्याने पुढचं सगळं कसं केलं ते त्यालाही सांगता येत नाही. गळ्यातला कपडा तसाच, गालाला फेस तसाच, त्याने मालकांना गाडीत घातलं आणि भोंगा वाजवत निघाला. इस्पितळाच्या दारात पोरं स्ट्रेचर घेऊन धावली ती थेट याच्याकडे, कारण तोंडाला फेस याच्या आला होता.

"मी नाही रे! मागे बघा, मागे!"

मालकांना आत नेताना त्यांनी डोळे उघडले. "तुझी डावी बाजू राहिली."

"राहू दे. ती तूच करायची. दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही मी."

हृदय सगळ्या शरीराला रक्त पाठवतं, पण स्वतःच्या पोषणासाठी त्याच्याकडे दोनच छोट्या धमन्या असतात. मुगुटासारख्या त्याच्या अंगावर पसरलेल्या. मालकांच्या त्या धमन्या आतून मेदाने लिंपल्या जाऊन दोन-तीन ठिकाणी जवळपास बुजल्या होत्या. सर्जनबाई म्हणाल्या, बुजलेला रस्ता सोडून बाजूने नवा रस्ता काढायचा. एका ठिकाणी छातीतलीच एक धमनी वळवून जोडू. दुसऱ्या ठिकाणी पायातली शीर काढून लावू. आणि त्या पायाकडे वळल्या.

डावा पाय त्यांनी वरूनच पाहिला आणि मान हलवली. "ही कामाची नाही. पार फुगलीय."

"मग?" मालकीणबाईंनी विचारलं.

"उजवी बघू. तीही अशीच असेल तर हातातली धमनी घ्यावी लागेल. डाव्या हातातली. घेता येते, एरवी काही बिघडत नाही."

मालकांनी डावा हात पांघरुणाखाली घेतला. ते म्हणाले, "हात नको, डॉक्टर."

"अहो, डावा हात. कात्री उजव्यात धरता ना?"

"डाव्यात कंगवा धरतो. आणि दाढी करताना गाल ताणून धरतो. तो हात जरा जरी हलला ना बाई, तर समोरच्याच्या गळ्याशी वस्तरा असतो." आणि ते म्हणाले, "पुन्हा दुकानात उभं राहता येणार नसेल, तर मग कशाला एवढा खटाटोप?"

मालकीणबाई म्हणाल्या, "गप्प बसा हो." पण त्यांनी तोच हात घट्ट धरला होता.

मग माझी पाळी आली. उजव्या पायावर गार जेल लावून यंत्र फिरवलं गेलं. घोटा, पोटरी, गुडघा. मित्रांनो, तीस वर्षांत माझ्याकडे कोणी पाहिलं नव्हतं आणि आता चार माणसं श्वास रोखून पडद्यावर मलाच बघत होती. मी काय करणार? मी होते तशी राहिले.

"कमाल आहे," सर्जनबाई म्हणाल्या. "एकाच माणसाचे दोन पाय आहेत ना हे? ही सरळ आहे, भिंत चांगली आहे, झडपा सगळ्या शाबूत. उजव्या पायाने काय करता तुम्ही दिवसभर?"

मग मालकीणबाई खुर्चीवर बसल्या आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. रडायला लागल्या म्हटलं तरी चालेल. "पेडल मारतात," त्या म्हणाल्या. "मेला तो वायसर!"

सगळं श्रेय पेडलचं, असं सर्जनबाई म्हणाल्या नाहीत. काहींचा जन्मतःच एक पाय बरा असतो, असंही म्हणाल्या. पण मी त्या पोटरीबरोबर राहिलेली आहे. मला माहीत आहे, कोणाचे आभार मानायचे.

शस्त्रक्रियेच्या आधी सर्जनबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. शीर उलटी लावायची, त्या म्हणाल्या. पायात रक्त खालून वर जातं, झडपा त्या बाजूला उघडतात. तशीच सुलटी जोडली तर हृदयाचा धक्का आला की झडपा मिटतील आणि रस्ता बंद. मालकीणबाईंना हे एका वाक्यात कळलं. "मखमलीसारखं," त्या म्हणाल्या. "लव कुठल्या बाजूला पडते ते बघूनच तुकडा लावायचा. चुकला तर सगळा सदरा वाया."

"अगदी तसंच."

"मग टीप बारीक घाला हो बाई."

मला पायातून काढलं तेव्हा वाईट वाटलं, खोटं का बोलू. स्नायूंच्या आत राहणारी खोलवरची मोठी शीर शेजारी होती. ती म्हणाली, "जा तू. इकडचं मी बघते." आणि तिने पाहिलं. आजतागायत पाहते आहे. मला खारट पाण्यात ठेवलं, बारीक फाटे बांधले. सहायकाने एक टोक उचललं तर सर्जनबाई म्हणाल्या, "ते नाही. डोकं खाली, पाय वर." मग माझं एक टोक हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला शिवलं, दुसरं बुजलेल्या जागेच्या पलीकडे. केसाहून बारीक दोऱ्याने. मग चिमटा काढला.

मित्रांनो, मी पायातली. आयुष्यभर रक्त माझ्यातून चोरपावलांनी गेलं होतं. आणि आता हृदयाचा पहिला ठोका अंगावर आला. मला वाटलं, झालं, फाटले. पातळ भिंत ती केवढी. दुसरा आला. तिसरा आला. माझ्या झडपा गोंधळून भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. साहेब गेल्यावरही पाय न हलवणाऱ्या शिपायांसारख्या त्या अजून तशाच उभ्या आहेत. आणि पलीकडे, हृदयाच्या उपाशी कोपऱ्यात, रक्त पोचलं. तो कोपरा हलला. सर्जनबाई एवढंच म्हणाल्या, "छान." मी ते वाक्य जपून ठेवलं आहे.

पुढे माझी भिंत जाड होत गेली. ठोके खाऊन कोणाचीही होते.

मालक दोन महिने घरी होते. भोंगा रोज यायचा. उजवा गाल तो घरी घोटायचा, डाव्यावर जंगल वाढवलं होतं. त्याच्या साहेबांनी त्याला कारण विचारणारं पत्र दिलं. त्याने उत्तर लिहिलं: काम अपूर्ण आहे, कारागीर रजेवर आहे. साहेबांनी ते फाइल केलं आणि त्याला तोंडाला मास्क लावायला सांगितलं.

मालक मात्र दुकानाचं नाव काढेनात. हात पुढे धरून बघायचे. हलतोय का? मालकीणबाईंना दिसत नव्हतं, मालकांना दिसायचं. मला आतून कळत होतं की हात हलत नव्हता, माणूस हलला होता. त्या हातातून कोणी काही काढलं नव्हतं. तो वाचवण्यासाठीच तर मी माझा पाय सोडून आले होते. पण शिरेला बोलता कुठे येतं?

शेवटी मालकीणबाईंनीच एक दिवस मालकांना सोबत नेऊन दुकान उघडलं. स्टुलावरचे पेपर उचलून रद्दीत घातले, स्टूल खुर्चीशेजारी ठेवलं आणि कपाटातले घट्ट मोजे मालकांच्या हातात ठेवले. "डाव्या पायात घाला. कोणी हसलं तर मला हाक मारा."

भोंगा आधीच खुर्चीत बसला होता, गळ्याला कपडा लावून. "तेव्हाचा फेस वाळला रे वस्ताद. पुन्हा लाव."

"हात थरथरतोय माझा."

"थरथरू दे. ती खुर्ची खाली जातेय, त्यात आपण दोघंही बुडणार. कर लवकर."

मालक स्टुलावर बसले. वडिलांचं वाक्य त्यांना आठवलं असणार, कारण ते आधी अर्धवट उठले आणि मग पुन्हा नीट बसले. आधी वाढलेलं जंगल कात्रीने उतरवलं, मग फेस लावला. डाव्या हाताने गाल ताणून धरला. माझ्यात ठोके जोरात पडू लागले. मी ते सगळे घेतले, एकही सोडला नाही. वस्तरा कानापासून हनुवटीपर्यंत एका दमात उतरला. मग गळा. कुठे रक्ताचा टिपूससुद्धा नाही.

भोंगा आरशात बघत होता. आरशात आता त्याचं नुसतं कपाळ दिसत होतं.

"वस्ताद," तो विहिरीतून म्हणाला, "दोर."

आणि मालकांनी पेडल मारलं. उजव्या पायाने, चार वेळा. मग बसल्या बसल्या पाय बदलून डाव्याने चार वेळा. तसं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मित्रांनो, मी आता त्या पायात नाही. पण पोटरी आवळली की तिथलं रक्त माझी ती जुनी शेजारीण वर ढकलते. ते हृदयात येतं, फुप्फुसांत जाऊन ताजं होतं, पुन्हा हृदयात येतं, आणि मिनिटभरात त्यातला एखादा घोट माझ्या दारात येऊन उभा राहतो. त्या दिवशी तो आला तेव्हा मी त्याला ओळखलं. घरचा होता.

माझ्यासारख्या बदलीवर आलेल्या शिरा दहा-पंधरा वर्षांत दमतात, असं म्हणतात. दमेन तेव्हा दमेन. तोवर मी त्या पोटरीची ऋणी आहे, त्या शिलाईची आहे, अर्ध्या दाढीच्या त्या माणसाची आहे, आणि आजवर न मिळालेल्या त्या वायसरची तर फारच. तुमच्याही पायात माझ्या दोन बहिणी आहेत. त्या कधी तक्रार करत नाहीत, आणि तक्रार केली तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. तुम्ही रांगेत उभे असाल, वर्गात उभे असाल, तेव्हा जरा टाचा उचला, खाली टेका, पुन्हा उचला. कोणी विचारलं काय करतोस, तर सांगा, पेडल मारतोय.